नवा ट्यूबा अडतोय? या चुका टाळा

गेल्या लग्नसराईत परळच्या बँडमधला एक मुलगा नवाकोरा ट्यूबा, म्हणजे ते फुंकून वाजवायचं मोठं पितळी वाद्य, घेऊन माझ्याकडे आला. तिसरा पिस्टन, म्हणजे बोटाने दाबायचा दट्ट्या, खाली दाबला की वर यायचं नावच घेत नव्हता. महिनाभर त्याने तेल घातलं होतं, स्प्रिंग ताणून पाहिली होती आणि शेवटी पिस्टन पॉलिश पेपरने घासला होता. "दादा, पिस्टनच बदलावा लागेल ना?"

पिस्टनमध्ये मुळात काहीच दोष नव्हता. तिसऱ्या स्लाइडची, म्हणजे ओढून बाहेर काढता येणाऱ्या यू आकाराच्या तुकड्याची, नळी ज्या आधारपट्टीने भोंग्याला जोडलेली असते, ती कारखान्यात रेटून बसवून तशीच झाळली होती. तो सगळा ताण व्हॉल्व्हच्या घरावर, म्हणजे ज्या नळकांड्यात पिस्टन वरखाली होतो त्यावर, येत होता आणि घर केसभर दबलं होतं. मी आधारपट्टीचं सोल्डर गरम केलं, तशी नळी टक्कन दीडेक मिलिमीटर बाजूला सरकली. पिस्टन लगेच मोकळा झाला. पण घासलेल्या जागेतून आता हवा निसटते, आणि ते नुकसान सहज भरून येत नाही. म्हणून हात जोडून सांगतो, अडणारा पिस्टन कधीही घासू नका. आधी तो स्वच्छ पुसा, कारण नव्या वाद्यात पॉलिशचा चुरा राहिलेला असतो. पिस्टनवरचा आकडा आणि घरावरचा आकडा जुळतोय का बघा. तरीही अडला, तर ताण शोधा.

आजच्या ट्यूबाची खरी दुखणी मला जोडणीतच सापडतात. १८३५ साली बर्लिनमध्ये वीप्रेख्ट आणि मोरिट्झ यांनी पहिल्या ट्यूबाचं पेटंट घेतलं, तेव्हापासून व्हॉल्व्हचं काम सुधारतच आलंय. आता पिस्टन मशीनवर इतक्या नेमक्या मापाचे होतात की जुने कारागीर थक्क होतील. पण नळ्या एकमेकींना जोडणारा शेवटी माणूसच, आणि तो घाईत असला की नळ्या तिरक्या बसतात. दुकानात भोंग्याची चकाकी बघत बसू नका. प्रत्येक स्लाइड काढा, आधी तिचा एकच पाय (यू आकाराची एकच बाजू) आत घालून बघा, मग दुसरा. एकेकटा पाय सहज जातो आणि दोन्ही मिळून अडतात, तर नळ्या समांतर नाहीत. सांध्यावरून बोट फिरवा, सोल्डर सलग लागायला हवं. बाहेरच्या नळ्या जर्मन सिल्व्हरच्या असतील तर उत्तम. त्यात चांदी नसते, तांबं, निकेल आणि जस्त असतं, पण पितळेपेक्षा ते कमी झिजतं.

हवेची चाचणी बहुतेकांना माहीत असते: व्हॉल्व्ह न दाबता स्लाइड ओढायची, मग व्हॉल्व्ह दाबायचा, 'पॉप' असा आवाज आला की काम घट्ट. इथे एक नवी गफलत होते. हल्लीच्या काही ट्यूबांत व्हॉल्व्हपाशी मुद्दाम एक बारीक भोक ठेवतात, म्हणजे वाजवताना स्लाइड ओढता येते आणि हवा अडत नाही. त्यात पॉप येणारच नाही. एकाने ते भोक गळती समजून मेणाने बुजवलं होतं!

कॉम्पेन्सेटिंग, म्हणजे खालचे सूर आपोआप सावरणाऱ्या, ट्यूबाची गोष्ट वेगळी. ब्लेकली यांनी १८७४ साली ही रचना काढली. चौथा व्हॉल्व्ह दाबला की हवा बाकीच्या व्हॉल्व्हांतून दुसऱ्यांदा फिरते आणि चढणारे खालचे सूर जागेवर येतात. सोय मोठी, पण गळती असली तर तीही दुप्पट जाणवते. खालचे सूर कोंदट येऊ लागले की वाजवणारा स्वतःच्या दमाला दोष देतो. दम वाढवायच्या आधी व्हॉल्व्ह तपासून घ्या.

रोटरी ट्यूबा असेल, म्हणजे पिस्टनऐवजी आत गोल फिरणारे व्हॉल्व्ह असतील, तर व्हॉल्व्हचं मागचं झाकण उघडा. आत दोन खुणा दिसतील, त्या जुळल्या पाहिजेत. फिरणारा व्हॉल्व्ह जागेवर थांबवणारे रबरी तुकडे दबले किंवा कडक झाले की खुणा सरकतात आणि आवाज दबतो. तुकडे बदलणं अर्ध्या तासाचं काम आहे.

तेलाबद्दल थोडक्यात: खोबरेल नको, शिलाई मशीनचं तेलही नको. आणि घरची चिंच किंवा भांडी घासायची पावडर देवघरातल्या समईसाठी ठेवा. आजच्या बऱ्याच ट्यूबांवर लॅकरचा, म्हणजे पारदर्शक रोगणाचा, पातळ थर असतो, घासला की तो जातो आणि खालचं पितळ उघडं पडतं. माउथपीस (तोंडाला लावायचा भाग) अडकला तर पक्कड लावू नका, पुढची नळी पिळवटते. तो काढायचं साधं हत्यार दुरुस्तीवाल्याकडे असतं.

लोकलच्या मालडब्यातून नेताना ट्यूबा भोंग्यावर उभा ठेवायची सवय मोडा. हल्ली बऱ्याच स्वस्त ट्यूबांचा पत्रा पातळ येतो, एका हिसक्यात कड दुमडते. पोचा निघतो, पण तिथला पत्रा ताणला जातो.

मिरवणूक वाजवत गिरगाव चौपाटीवर गेला असाल तर घरी आल्यावर त्याच रात्री ओल्या फडक्याने घाम आणि खारी हवा पुसून काढा. माउथपीसजवळच्या नळीतून कोमट पाणी सोडा, कढत पाण्याने लॅकर सुटतं. त्या नळीवर गुलाबी ठिपके दिसले आणि त्यांच्या मधोमध काळा बिंदू असला, तर आतून पितळेतलं जस्त निघून चाललंय. तो डाग पॉलिशने जात नाही. नळी भोक पडायच्या आत बदलून घ्या.