सिकलसेलच्या समुपदेशनात मनाची चाचपणी
विदर्भात किंवा नंदुरबारमध्ये सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचा अहवाल समजावताना समुपदेशकाने रुग्णाशी, शक्यतो घरच्यांना बाहेर बसवून, एकांतात बोलावे. गेल्या २ आठवड्यांतील उदासी आणि कशातच रस न वाटणे यांविषयी पीएचक्यू-२ या नैराश्याच्या प्राथमिक चाचणीचे दोन प्रश्न विचारावेत. ६ पैकी ३ किंवा अधिक गुण आल्यास सविस्तर तपासणी करावी. नवरा-बायको दोघेही वाहक (स्वतःला आजार नसला तरी त्याचे जनुक असलेले) असल्यास प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते, दोष मात्र बहुधा एकट्या सुनेवर येतो. म्हणून गुण कमी असले तरी ‘घरी हे कोणाला सांगणार?’ हे विचारावेच, कारण माझ्या मते खरी अडचण तिथेच उघड होते. आत्महत्येचा विचार कळल्यास पुढची तारीख न देता त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांकही द्यावा.