घोंगडी घेताना लोकर कशी पारखावी

कोल्हापूर जिल्ह्यातल्या पट्टणकोडोलीच्या जत्रेत घोंगड्यांचे ढीग लागतात. त्यात हातमागाच्या लोकरी असतात, तशा ॲक्रिलिकच्या, म्हणजे कृत्रिम धाग्याच्याही. आधी काठाचा एक धागा उपसून मागा आणि जाळा. लोकरीला जळक्या केसांसारखा वास येतो, ज्योत काढली की ती विझते आणि राख चिमटीत भुगा होते. ॲक्रिलिक वितळतं, त्याचा कडक मणी उरतो. मिश्र धाग्यात दोन्ही खुणा दिसतात, म्हणून उभा-आडवा दोन्ही धागे तपासा.

मग रंग. ओलं पांढरं फडकं जोरात घासा. काळं उतरलं तर लोकर रंगवलेली. दख्खनी मेंढीच्या काळ्या लोकरीत उन्हात तपकिरी झाक दिसते. एकसारखा डांबरी काळा बघून भुलू नका.

नवी घोंगडी ताठ असते, कारण उभ्या धाग्याला चिंचोक्याची खळ लावतात. हा दोष नव्हे, वापराने ती मऊ पडते. टोचणंही तसंच. ज्यांना टोचणं सोसत नाही, त्यांनी जावळाची, म्हणजे कोकराच्या पहिल्या कातरणीची मागावी. महाग पडते, पण अंगाला लागत नाही.

शेवटी उजेडासमोर धरा. सुताची जाडी थोडी कमीजास्त चालेल, बारीक गोल भोकं मात्र कसरीची, म्हणजे लोकर खाणाऱ्या किडीची. गरम पाण्यात कधीच धुऊ नका, आटते.