परक्या नट-बोल्टांवर उभा असलेला माझा रॅक

माझ्या घरात दोन मोठे रॅक आहेत. एक ड्राय बाल्कनीत, लोखंडी स्लॉटेड अँगलचा, म्हणजे ओळीने भोकं पाडलेल्या काटकोनी पट्ट्यांचा, सात फुटी, पाच फळ्यांचा. माझा मसाल्या-लोणच्यांचा सगळा धंदा त्याच्यावर उभा आहे. दुसरा लेकीच्या खोलीत, पार्टिकल बोर्डाचा, खोक्यातून सुटा आलेला नि आम्ही दोघींनी जोडलेला. दोन्हींमध्ये मूळच्या वस्तू कमी नि बाहेरून आणून लावलेल्या जास्त, अशी आता अवस्था आहे. चाकं, हूक, जाळीच्या टोपल्या, एक जास्तीची फळी आणि मूठ-मूठ नट-बोल्ट. यातलं काय चालतं नि काय नाही हे मला आधी कळलं असतं, तर लिंबाच्या लोणच्याची पाच किलोची एक बरणी वाचली असती.

त्या बरणीचंच आधी सांगते. रॅक घेतला तेव्हा चार फळ्या होत्या. पाचवी नंतर दुसऱ्या दुकानातून आणली. मापं घेऊन गेले होते, भोकं बरोबर जुळली. नट तेवढे कमी पडले. दिराने कधीतरी आणून ठेवलेल्या डब्यात हुबेहूब तसेच नट सापडले, तेच लावले. नट बोटांनी दोन फेरे गेला नि घट्ट झाला. मला वाटलं, बसला. पाना लावून अर्धा फेरा आणखी दिला आणि हात झटकले. पंधरा दिवसांनी त्या फळीचा एक कोपरा निसटला, बरणी घसरली, आणि डोंबिवलीच्या त्या दमट दुपारी मी बाल्कनीभर लिंबाच्या फोडी वेचत बसले. संध्याकाळी दीर आला. निखळलेला नट उजेडात धरून म्हणाला, "वहिनी, बोल्ट एमएमचा आणि नट सुताचा. हे लग्न टिकणार कसं?"

आपल्याकडच्या हार्डवेअरच्या दुकानांत दोन मापं शेजारी शेजारी नांदतात. १९५६ साली कायद्याने मेट्रिक मापं आली, पण दुकानात अजूनही सूत चालतं. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. अडीच सूत म्हणजे पाच-सोळांश इंच, म्हणजे ७.९४ मिलिमीटर. रॅकला सर्रास लागणारा बोल्ट ८ एमएमचा. जाडीतला फरक केसाएवढाही नाही, त्यामुळे डोळ्यांना कळत नाही. फरक आट्यांत असतो. ८ एमएमच्या नेहमीच्या बोल्टला दर १.२५ मिलिमीटरला एक आटा, म्हणजे इंचाला वीस नि वर थोडे. अडीच सुताच्या बोल्टला इंचाला अठरा. दोन फेऱ्यांपर्यंत ते एकमेकांना सांभाळून घेतात, मग आटे आट्यांवर चढतात आणि नट अडकतो. आपल्याला तेच 'घट्ट बसलं' असं वाटतं. त्यावर पाना फिरवला की आटे सोलले जातात. तसला नट वजन धरल्याचं नुसतं नाटक करतो. (हा स्लॉटेड अँगल १९४७च्या सुमारास लंडनमध्ये डिमिट्रियस कोमिनो या गृहस्थाने डेक्सियन नावाने बाजारात आणला. सगळा कारभार इंचांच्या मुलखातला, तेव्हा सूत त्याच्या रक्तातच म्हणायचं.)

ओळखायची रीत सोपी आहे, पाच वर्षांच्या पोरालाही जमेल. रॅकचा एक बोल्ट आणि नवा आणलेला एक बोल्ट घ्या. दोन्ही आडवे धरून त्यांचे आटे एकमेकांत बसवा आणि खिडकीच्या उजेडासमोर न्या. एकाच जातीचे असतील तर कंगव्यात कंगवा बसावा तसे बसतात, मधून उजेड दिसत नाही. वेगळे असतील तर एका टोकाला बसतात आणि दुसऱ्या टोकाला फट दिसते. नटाची परीक्षा याहून सोपी. नट नुसत्या बोटांनी शेवटपर्यंत फिरला पाहिजे, पाना फक्त शेवटच्या आवळणीला. मध्येच अडला तर जोर लावू नका, बदला.

तेव्हापासून दुकानात जाताना पर्समध्ये जुना नट-बोल्ट असतो. आमचे हार्डवेअरवाले शेठ आधी विचारायचे, "ताई, सुतात देऊ की एमएममध्ये?" आता विचारत नाहीत, नुसता हात पुढे करतात. मी नमुना ठेवते, ते डबा उघडतात.

लांबीचा हिशेबही घरूनच करून जावा. माझ्या रॅकचा अँगल १४ गेजचा, म्हणजे साधारण २ मिलिमीटर. फळीचा पत्रा एक मिलिमीटरच्या आसपास, कोपऱ्यातली तिकोनी प्लेट धरा दीड. झाले साडेचार. नट साडेसहा मिलिमीटर जाड. बेरीज अकरा, आणि नटाच्या बाहेर एक-दोन आटे दिसायला हवेत. म्हणून पत्र्याला पत्रा जोडायला १५चा बोल्ट पुरतो. पण मी पत्र्याच्या फळीवर १२ मिलिमीटरचा प्लाय टाकला तेव्हा तोच १५चा बोल्ट नटापर्यंत पोचेना. तिथे ३०चा आणला, आणि प्लायच्या बाजूने मोठा वायसर, नाहीतर बोल्टचं डोकं लाकडात रुतत जातं. मुद्दाम लांब बोल्ट आणून 'असू दे, जास्तच बरा' असंही करू नका. बाहेर आलेलं टोक हाताला लागतं, ओढणीला लागतं, आणि मसाल्याची पिशवी तर हमखास फाडतं.

आता बाहेरच्या वस्तूंबद्दल. माझा नियम एवढाच की वजन ज्या जागी पेललं जातं, म्हणजे अँगल, कोपऱ्याच्या प्लेटी, त्यांचे नट-बोल्ट, तिथे सगळं एका जातीचं. बाकी हूक, टोपल्या, पडदे, लेबलं लावायच्या पट्ट्या कुठूनही आणा.

मसाला दळायची छोटी चक्की खालच्या फळीवर आहे. ती चालली की रॅकभर थरथर जाते आणि साधे नट हळूहळू सैल होतात. तिथे आठही ठिकाणी नायलॉक नट लावले. याच्या तोंडाशी नायलॉनची कडी असते, ती आटे धरून ठेवते. हा नट मात्र बोटांनी शेवटपर्यंत जात नाही, कडीपाशी अडतोच, तेव्हा वरची परीक्षा इथे लावून उगाच परत करायला जाऊ नका. दोन-चारदा काढ-घाल झाली की कडी सैल पडते, मग तो साधा नट समजायचा.

लोणच्याचा खार ठिबकतो त्या फळीवर बोल्ट स्टीलचे, म्हणजे स्टेनलेसचे. साध्या झिंक मुलाम्याचे दोन पावसाळ्यांत तांबूस झाले होते. स्टेनलेसच्या नट-बोल्टला आवळण्याआधी तेलाचं एक बोट लावा. कोरडे आवळले तर कधी कधी एकमेकांना असे चिकटतात की करवतीनेच कापावे लागतात. अँगल कापून घेतला असेल तर कापलेल्या टोकाला रेड ऑक्साइड प्रायमर लावायचा, गंज तिथूनच शिरतो.

मॅग्नेटच्या हुकांवर माझा राग आहे. पाकिटावर ४ किलो लिहिलेलं असतं, पण ते मॅग्नेट पत्र्यापासून सरळ ओढून काढायला लागणाऱ्या जोराचं. उभ्या अँगलवर लावून खाली वजन लटकवलं की तो घसरतो, निम्म्याहूनही बऱ्याच कमी वजनाला. माझा मोठा झारा आणि पळी एवढंच होतं, तरी रोज सकाळी हूक वीतभर खाली आलेला असे. आता अँगलच्या भोकातच एस हूक अडकवते. भोकं आयती आहेत, ती सोडून चुंबकाच्या मागे का लागले होते कोण जाणे.

तीन फुटी फळीला मधोमध पोट सुटतं. आठ बरण्या, प्रत्येकीत पाच किलो माल, म्हणजे नुसता माल ४० किलो, बरण्यांचं वजन वेगळं. नवी जाड फळी आणण्याआधी तिच्याखाली लांबीच्या दिशेने अँगलचा एक तुकडा आडवा लावून दोन्हीकडे बोल्ट मारा. भंगारवाल्याकडचा चालतो, फक्त गंजून पातळ झालेला नको. माझ्या दोन फळ्या अशा सरळ झाल्या. बरण्यांतही जड त्या उभ्या अँगलजवळ, हलक्या मधे.

चाकांचा हट्ट लेकीचा. ढकलला की सरकेल, खालची फरशी पुसता येईल. अँगलच्या पायाला चाक थेट बसत नाही, आधी सपाट बेस प्लेट लागते, आणि चाकाच्या प्लेटची चार भोकं तिच्याशी जुळायला हवीत. चाकावरचं वजन बघताना चारने गुणू नका, तीनने गुणा, कारण आपल्या फरशा सपाट नसतात आणि एक चाक बहुतेक वेळा अधांतरीच असतं. सात फुटी रॅक चाकांवर ठेवणं हा वेडेपणा, मी आठ दिवस केला आणि काढला. ती चाकं आता कांद्या-बटाट्याच्या तीन फुटी रॅकला आहेत, पुढची दोन ब्रेकवाली.

बोर्डाच्या रॅकला वेगळा न्याय. त्याच्या बाजूच्या पट्ट्यांना ५ मिलिमीटरची भोकं आहेत, एकमेकांपासून ३२ मिलिमीटरवर. हे माप युरोपातून आलेलं, पण आता बऱ्याच फर्निचरवाल्यांचं सामायिक आहे, त्यामुळे फळीखालच्या पिना, जाळीच्या टोपल्यांच्या पट्ट्या, बिजागऱ्या बाहेरच्याही बसतात. आधी स्वतःच्या रॅकवर पट्टी लावून ५ नि ३२ बघा, मगच मागवा. पाव इंची पिना या भोकांपेक्षा सवा मिलिमीटरहून थोड्या जास्तच जाड असतात. त्या बसवायला भोक ड्रिलने मोठं करण्याचा मोह होतो, तो टाळा. पार्टिकल बोर्ड म्हणजे शेवटी दाबलेला भुसाच, एकदा भुरभुरायला लागला की थांबत नाही. लेकीचा एक स्क्रू असा सैल झाला होता. भोकात फेविकॉल आणि गुल उडवलेल्या आगकाडीचे दोन तुकडे घातले, रात्रभर वाळू दिलं आणि सकाळी तोच स्क्रू परत हातानेच बसवला. ड्रिल मशिनने बोर्डात स्क्रू मारू नका, आवरेपर्यंत आटे गेलेले असतात.

शेवटचं काम भिंतीचं. छातीच्या वर जाणारा कुठलाही रॅक वरून एल पट्टीने भिंतीला बांधलाच पाहिजे, घरात मूल असेल तर आधी हे आणि मग बाकी. पट्टी रॅकवाल्याचीच हवी असं नाही, फिशर, म्हणजे भिंतीच्या भोकात स्क्रू धरून ठेवणारी प्लास्टिकची नळी, मात्र भिंत बघून. आमच्या बाल्कनीची भिंत सिपोरेक्सची, म्हणजे हलक्या, सच्छिद्र सिमेंट ब्लॉकची. हे कळायला ड्रिलमधून पडणारी भुकटी बघा: लाल आली तर वीट, करडी आणि बिट पुढे जाता जाईना तर काँक्रीट, पांढरट पिठासारखी आली आणि बिट लोण्यात शिरावं तसं शिरलं तर सिपोरेक्स. विटेत ८चं भोक, ८चा नेहमीचा फिशर आणि ५ मिलिमीटरचा स्क्रू पुरतो. सिपोरेक्समध्ये तोच फिशर जागच्या जागी गरगर फिरला. तिथे हॅमर बंद ठेवून नुसतं ड्रिल करायचं आणि सिपोरेक्ससाठीचे वेगळे, बाहेरून रुंद पाती असलेले फिशर मागायचे. फिशर प्लास्टरच्या आत पूर्ण गेला पाहिजे, प्लास्टरमध्ये अर्धवट राहिलेला काही धरत नाही. मी शेवटी रॅकच सव्वा फूट सरकवून एक पट्टी कॉलमच्या काँक्रीटला मारली. स्विचबोर्डाच्या सरळ वरची रेघ मात्र सोडून, तिथून वायरी जातात.

आठ दिवसांनी सगळे नट पुन्हा एकदा आवळायचे. माल चढल्यावर रॅक जरा बसतो, सात-आठ नट पाव-पाव फेरा घेतातच. माझा तेरा नंबरचा पाना त्यासाठी एस हुकाला तिथेच टांगलेला असतो.