मेंथॉलचा थंडावा जिभेवर कसा तपासावा

काष्ठौषधींच्या दुकानातून खाण्याच्या प्रतीचे पुदिन्याचे फूल, म्हणजे मेंथॉलचे स्फटिक आणा. तिथेच मिळणारे ओव्याचे फूल वेगळे, ते नको. कापूर तर तोंडात घालूच नका. लहान मुलांना या प्रयोगापासून लांब ठेवा.

१ ग्रॅम स्फटिक ९९ ग्रॅम साखरेबरोबर बारीक वाटून हवाबंद बरणीत भरा. यातली १ ग्रॅम पूड २०० मिलिलिटर पाण्याला पुरते. त्यात मेंथॉल जाते १० मिलिग्रॅम. ‘जास्त टाकलं की जास्त गार’ हा सल्ला ऐकू नका. मात्रा वाढली की जळजळ सुरू होते.

पूड ५० अंशांच्या पाण्यात, झाकण लावलेल्या बाटलीत हलवून विरघळवा. दुसऱ्या बाटलीत तेवढेच पाणी आणि १ ग्रॅम साधी साखर.

आता तापमान. घोळ होतो तो इथेच. बहुतेक जण बर्फाचे पाणी घेतात आणि चाचणी वाया घालवतात. जिभेतल्या मज्जातंतूंच्या टोकांवर टीआरपीएम८ नावाचा ग्राही, म्हणजे संवेदना टिपणारे, दारासारखे उघडणारे प्रथिन असते. २००२ साली डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापुटियन यांच्या गटांनी तो स्वतंत्रपणे शोधला. तापमान आणि स्पर्शाच्या ग्राहींवरील कामासाठी दोघांना २०२१ चे नोबेल मिळाले. साधारण २५ अंशांच्या खाली हा ग्राही आपणहून उघडतो, कॅल्शियम व सोडियमचे आयन आत शिरतात आणि मेंदूला ‘गार’ असा निरोप जातो. मेंथॉल ही मर्यादा वर सरकवते, म्हणून तोंडाच्या उबेतही तो उघडतो. बर्फाने तो आधीच उघडलेला असेल, तर मेंथॉलचे काम वेगळे कळणार कसे? दोन्ही बाटल्या ३५ अंशांवर येऊ द्या. स्वयंपाकघरातला थर्मामीटर वापरा, बोटाचा अंदाज नको.

आधी साधे पाणी, मग मेंथॉलचे. उलट क्रम कधीच नाही, कारण मेंथॉलचा परिणाम रेंगाळतो. नाक चिमटीत धरून घोट दहा सेकंद फिरवा. पुदिन्याचा वास जातो, गारवा राहतो, कारण तो वासाच्या नव्हे, तर चेहरा-तोंडाच्या स्पर्श-तापमानाची जाणीव नेणाऱ्या ट्रायजेमिनल नसेतून येतो. पुन्हा करायचे तर पंधरा मिनिटे थांबा. लागोपाठ घोटांनी जीभ बधिरते आणि लोक मेंथॉललाच नावे ठेवतात.

शेवटी चमचाभर कोरडी ग्लुकोज पावडर जिभेवर ठेवा. हाही गारवाच, पण खरा: विरघळताना ती उष्णता शोषते. पाण्यात घातली तर थर्मामीटरचा आकडा उतरतो. मेंथॉलने उतरत नाही.