पेपर स्प्रे वापरायचा कसा?

बहुतेकींचा पेपर स्प्रे पर्सच्या तळाशी असतो, चाव्या, टिकल्यांचं पाकीट आणि चुरगळलेल्या पावत्यांच्या खाली. तिथे तो असून नसल्यासारखाच. निर्जन रस्त्यावरून जायचं असेल तर तो आधीच हातात हवा.

घेताना एक्स्पायरी डेट बघा. जुन्या डबीतला दाब उतरतो. शक्यतो धार सोडणारा घ्या. धुक्यासारखा फवारा वाऱ्यावर उलटून आपल्याच तोंडावर येतो.

आता सराव, आणि नेमका हाच सगळे टाळतात. डबी मुठीत धरा, अंगठा बटणावर. न बघता खटका उघडता आला पाहिजे, अंधारात, डाव्या हातानेसुद्धा. मग मोकळ्या जागी, आसपास कुणी नाही असं बघून, वाऱ्याकडे पाठ करून एकदा अर्धा सेकंद मारून पाहा. धार किती लांब जाते ते कळतं. छोट्या डबीची साधारण दोन-तीन मीटर.

प्रसंग आलाच तर मोठ्याने ओरडा, डोळ्यांच्या रेषेत सेकंदभर धार मारा, बाजूला सरका आणि पळा. काय झालं ते बघत थांबू नका. डोळे मिटले तरी माणूस हात पकडू शकतो. सुरक्षित जागी पोचल्यावर ११२ लावा. बंद लिफ्टमध्ये किंवा गाडीत मारलात तर खोकून तुम्हीही बेजार व्हाल. तिथे तो अगदी शेवटचा उपाय.

स्वतःच्या डोळ्यांत गेला तर चोळू नका. आतला अर्क मिरचीचा आणि तेलकट, चोळला की आणखी पसरतो. कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर हात साबणाने धुऊन त्या काढा, नळाखाली पंधरा-वीस मिनिटं डोळे धुवा, पापण्यांची उघडझाप करत राहा. त्वचेला साबण लावा. तूप-तेल अजिबात नको. आग बहुधा अर्ध्या-पाऊण तासात ओसरते. दम्याच्या माणसाला श्वास लागला तर मात्र थेट दवाखाना.

आपल्याकडे तो बाळगायला परवाना लागत नाही. स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे, पण गरजेपुरताच. भांडणात राग काढायला मारलात तर गुन्हा तुमच्यावर. (२०१४ साली लोकसभेत एका खासदारानेच तो फवारला होता, तो नमुना गिरवू नये!)

उन्हात उभ्या गाडीत डबी ठेवू नका, तापून फुटू शकते. आणि विमानतळावर जाताना ती घरीच काढून ठेवा.