पडद्यातलं छिद्र छाती न उघडता बंद करायचं असेल तर: एएसडी डिव्हाइस क्लोजर

हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला जन्मतः छिद्र असलं की इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) रिपोर्टवर ‘एएसडी’ (एट्रियल सेप्टल डिफेक्ट) असं लिहून येतं. ते जांघेतल्या शिरेतून डिव्हाइस (दोन तबकड्यांचं जाळीदार झाकण) नेऊन बंद होईल का, हे नुसत्या छिद्राच्या आकारावर ठरत नाही. ते पडद्यात नेमकं कुठे आहे आणि भोवती किती कड शिल्लक आहे, यावर सगळं अवलंबून असतं.

म्हणून रिपोर्टमध्ये आधी प्रकार शोधा. ‘सेकंडम’ म्हणजे पडद्याच्या मधल्या भागातलं छिद्र. डिव्हाइस बसतं ते यातच. ‘प्रायमम’ झडपांना लागून असतं, त्याला शस्त्रक्रियाच लागते. ‘सायनस व्हिनोसस’ बहुधा वरच्या महाशिरेच्या तोंडाशी असतं आणि तिथे एका बाजूला पडदाच नसल्यामुळे हे डिव्हाइस टिकत नाही.

मग कडा पाहा. दोन्ही महाशिरा, फुप्फुसाच्या शिरा आणि झडपा यांच्या बाजूला साधारण ५ मि.मी. किंवा जास्त कड हवी. महाधमनीकडची कड अनेकांत अपुरी असते. तरीही डिव्हाइस बहुतेकदा बसतं, मात्र पुढे ते घासण्याचा धोका वाढतो, म्हणून आकार निवडताना जास्त जपावं लागतं. खालच्या महाशिरेकडची कड नसेल तर डिव्हाइसचा हट्ट धरू नका. तिथून ते निसटतं. अशा वेळी डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचवली तर तो सल्ला योग्यच समजा.

उजवी बाजू मोठी झाली असेल आणि फुप्फुसाकडे जाणारं रक्त शरीराकडे जाणाऱ्या रक्ताच्या दीडपट किंवा जास्त असेल, तर छिद्र बंद करतात. लक्षणं नसलेल्या मुलांत साधारण ३ ते ५ वर्षांपर्यंत, वजन १५ किलोच्या आसपास होईपर्यंत थांबण्याची पद्धत आहे. फुप्फुसाच्या रक्तवाहिन्या कायमच्या कडक होऊन रक्त उलट्या दिशेनं वाहू लागलं असेल, तर छिद्र बंद करत नाहीत. तीच हृदयाची सुटकेची वाट झालेली असते.

तयारी: भूल देण्याआधी जेवण व वरचं दूध ६ तास, आईचं दूध ४ तास, पाणी २ तास बंद. ताप, खोकला, त्वचेवर पू असेल तर तारीख पुढे ढकला. दातांची कामं आधीच उरकून घ्या. निकेलची ॲलर्जी असेल तर न विसरता सांगा, कारण डिव्हाइसची जाळी निकेल आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूची असते.

कॅथलॅबमध्ये अन्ननलिकेतून इको करून कडा पुन्हा मोजतात. जांघेतल्या शिरेत शिथ (डिव्हाइस आत नेण्याची पोकळ नळी) घालतात, रक्त गोठू नये म्हणून किलोमागे सुमारे १०० युनिट हेपॅरिन देतात. कॅथेटर (बारीक नळी) छिद्रातून पलीकडे, डाव्या बाजूच्या वरच्या फुप्फुसशिरेत नेऊन तिथे जाड, ताठ तार ठेवतात. गरज वाटल्यास तारेवरून मऊ फुगा छिद्रात फुगवतात आणि इकोवर रक्ताची गळती थांबते त्या क्षणी फुगवणं थांबवून माप घेतात. त्याहून जास्त फुगवलं तर पडदा ताणला जातो, माप खोटं मोठं येतं आणि मग डिव्हाइसही गरजेपेक्षा मोठं निवडलं जातं. डिव्हाइसचा आकार म्हणजे दोन तबकड्यांना जोडणाऱ्या कमरेची रुंदी; ती या मापाइतकी किंवा १–२ मि.मी. जास्त घेतात.

शिथमधली हवा काढणं ही सर्वांत जपून करायची पायरी. शिथचं मागचं टोक हृदयाच्या पातळीखाली धरून रक्त आपोआप मागे येऊ देतात. घाईनं ओढलं की हवा आत शिरते. ती उजव्या कोरोनरीत (हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमनीत) गेली तर ईसीजी काही मिनिटं बिघडतो. बहुधा आपोआप सावरतो.

मग डावी तबकडी डाव्या कप्प्यात उघडून पडद्याला टेकेपर्यंत मागे ओढतात, कंबर छिद्रात आणि उजवी तबकडी उजव्या कप्प्यात उघडतात. कधी तबकडी नीट न पसरता नागाच्या फण्यासारखी राहते. ती शिथमध्ये परत घेऊन पुन्हा उघडावी, पुन्हा तेच झालं तर डिव्हाइस बदलावं. सोडण्याआधी केबल हलकेच पुढेमागे हलवून पकड तपासतात. प्रत्येक कड दोन तबकड्यांच्या मध्ये आली आहे का, झडपेला किंवा शिरेला अडथळा होतो का, हे इकोवर पाहिल्यावरच केबल उलटी फिरवून सोडतात. तोवर ते परत काढता येतं. केबलच्या ओढीनं डिव्हाइस तिरकं दिसतं आणि सुटल्यावर पडद्याच्या रेषेत येतं. जाळीतून सुरुवातीला थोडी गळती दिसते, ती हळूहळू थांबते.

नंतर ४ ते ६ तास पाय सरळ ठेवायचा. घरी जांघेतून रक्त आलं तर आडवं करून १० मिनिटं घट्ट दाबा. तरी थांबलं नाही तर रुग्णालय गाठा. डिव्हाइस निसटलंच तर बहुधा पहिल्या दिवसात, म्हणून दुसऱ्या दिवशीचा इको चुकवू नका. डिव्हाइस घासून हृदयाभोवती रक्त साचणं दुर्मिळ, पण जीवघेणं असतं. ते पहिल्या काही दिवसांत जास्त होतं, मात्र वर्षांनंतरही होऊ शकतं. छातीत दुखणं, दम लागणं, चक्कर, भोवळ यांपैकी काहीही झालं तर वाट न बघता तातडीनं इको करून घ्या. धडधड किंवा डोकेदुखी काही आठवडे राहू शकते, तीही कळवा.

डिव्हाइसवर पेशींचं अस्तर यायला काही महिने लागतात. तोवर, साधारण ६ महिने, मुलांना किलोमागे ३ ते ५ मि.ग्रॅ. ॲस्पिरिन रोज देतात. मोठ्यांत कधी क्लोपिडोग्रेल हे रक्ताच्या गुठळ्या टाळणारं औषधही जोडतात. स्वतःहून गोळी बंद करू नका आणि विचारल्याशिवाय आयबुप्रोफेन देऊ नका. ॲस्पिरिन चालू असताना मुलाला कांजिण्या किंवा फ्लू झाला तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. रेय सिंड्रोम नावाचा यकृत आणि मेंदूचा गंभीर आजार होण्याची भीती त्यात असते. याच ६ महिन्यांत दातांचं काम निघालं तर आधी अँटिबायोटिक लागतं. धक्काबुक्कीचे खेळ निदान महिनाभर बंद.

इको १ महिन्यानं, ६ महिन्यांनी, वर्षानं आणि नंतर डॉक्टर सांगतील तसा. डिव्हाइसचं कार्ड जपून ठेवा. एमआरआय करता येतो, पण त्याआधी ते दाखवावं लागतं.