पायाची लायब्ररी बदलते तेव्हा: नम्पाय २ वरून केलेली तयारीची यादी

नम्पाय ही पायथनमधली आकडेमोडीची लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रॅमना वापरता येणारा तयार कोड. तिची १.० आवृत्ती आली २००६ साली आणि २.० उजाडायला जून २०२४ लागला. मधल्या काळात सायपाय, पांडाज या मोठ्या लायब्ररींपासून माझ्यासारख्यांच्या चिमुकल्या लायब्ररींपर्यंत सगळ्यांनी तिच्यावर घरं बांधली. पुन्हा असा बदल येईल तेव्हा हाताशी असावं म्हणून हे लिहून ठेवतोय.

सगळ्यात आधी आपण कोणावर अवलंबून आहोत आणि आपल्यावर कोण, ते कागदावर मांडा. तुमच्या कोडमध्ये सी किंवा सायथॉनचा (पायथनसारखं लिहून सीमध्ये उतरणाऱ्या भाषेचा) भाग असेल तर तो वेगळा नोंदवा, कारण खरी ठेच तिथेच लागते. अशा कोडची नम्पाय १ वर बांधलेली व्हील्स (बसवायला तयार पॅकेजं) २ वर चालत नाहीत. २ वर बांधलेली मात्र १ वरही चालतात. म्हणून नव्यावर बांधायचं आणि दोन्हींवर तपासायचं. त्यासाठी अंतिम आवृत्तीची वाट बघू नका. पहिली रिलीज कँडिडेट (अंतिमच्या आधीची चाचणी आवृत्ती) आली तेव्हाच एबीआय (बांधलेले कोड एकमेकांना जोडण्याचा साचा) पक्का झाला होता, तो याचसाठी. पांडाज २.२.२ आणि सायपाय १.१३ एप्रिलमध्येच तयार होत्या.

नम्पायच्या रात्रीच्या बिल्डवर (रोज आपोआप बनणाऱ्या ताज्या आवृत्तीवर) चाचण्या लावा आणि इशाऱ्यांना त्रुटी माना. नम्पायमधली नावं बदलली की रफ या कोड तपासणाऱ्या साधनाचा एनपीवाय२०१ नियम बरंचसं आपोआप दुरुस्त करतो, त्यात वेळ घालवू नका. वेळ द्या तो गुपचूप बदलणाऱ्या उत्तरांना. ३२ बिटांच्या नम्पाय स्केलरमध्ये (एकट्या दशांश आकड्यात) पायथनचा साधा दशांश मिळवला की पूर्वी ६४ बिटांचं उत्तर यायचं, आता ३२ चंच येतं. विंडोजवर पूर्णांक मूळचा ३२ बिटांचा होता, तो ६४ चा झाला. यातलं काहीच कोसळत नाही, आकडे तेवढे वेगळे येतात.

आता वरची मर्यादा, म्हणजे आपल्या लायब्ररीला काय लागतं त्या यादीत ‘नम्पाय २ पेक्षा कमी’ असं लिहिणं. मी ती माझ्या लायब्ररीच्या नव्या आवृत्तीत घातली आणि निश्चिंत झालो. पण जुन्या आवृत्त्यांवर मर्यादा नव्हती! ज्याने नम्पाय २ मागितली, त्याच्यासाठी पिप (पायथनची पॅकेजं बसवणारं साधन) मुकाट मागे सरकला आणि त्याने माझी जुनी, न चालणारी आवृत्ती बसवली. पायपीआयवर (पायथन पॅकेजांच्या सार्वजनिक कोठारात) चढवलेल्या फाइलची माहिती मागाहून बदलता येत नाही. फार तर ती आवृत्ती ‘यँक’ करता येते, म्हणजे पिप ती आपण होऊन निवडत नाही. त्यामुळे मर्यादा घालायचीच असेल तर बदल जाहीर झाला की लगेच, आणि जुन्यांचं काय होईल ते स्वच्छ, म्हणजे आधी काही न बसवलेल्या वातावरणात बसवून बघा.

वरच्या प्रकल्पात, म्हणजे आपण ज्यावर अवलंबून आहोत तिथे, तक्रार नोंदवताना चार ओळींचा चालणारा नमुना द्या. तिथलीही माणसं फावल्या वेळातच काम करतात. खालच्यांना, म्हणजे आपल्यावर अवलंबून असलेल्यांना, मात्र आपण होऊन कळवा, कोणत्या आवृत्तीपासून चालेल ते आकड्यासकट. आणि मर्यादा काढायचा इश्यू (करायच्या कामाची नोंद) ती घालतानाच उघडा. माझी मर्यादा वर्षभर तशीच राहिली होती.